पाच मायक्रॉन

मिठाच्या पाण्यातल्या बरण्या केमिकलवाल्यांकडे गेल्या,
फॉर्मालिनमधल्या माझ्याकडे.
लेबलावर पी.एम. नंबर, खाली बॉलपेननं:
नरसय्या गुर्रम, पुरुष, बावन्न,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, बॉयलर.
जणू बॉयलर हे त्याचं गाव.

मेणात ठोकळा होतो कुणाच्याही फुप्फुसाचा,
हॉटेलातल्या साबणाच्या वडीपेक्षा लहान.
मी मायक्रोटोमचं चाक फिरवते. पाच मायक्रॉन. पाच. पाच.
पात्याखालून पट्टी निघते, कोमट पाण्यावर सोडायची,
श्वास धरून,
सुरकुती पडू द्यायची नाही.
पडली, की कोर्टात वकील तिलाच रोग म्हणतो.

मग रंग. आधी जांभळा, मग गुलाबी.
माझे नायना टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात होते.
कोपरापर्यंत कुठल्यातरी देशाची ऑर्डर होऊन घरी यायचे.
म्हणायचे, सूत खोटं बोलत नाही गं,
तेल लागलेल्या जागी रंग धरत नाही.
आमच्या पुस्तकात शरीराच्या विणीला ऊती म्हणतात.
शब्द कुणी केला माहीत नाही.
त्यानं माग पाहिला असणार.

मालक म्हणाला, प्यायला होता,
पाणी आटलेलं त्याला कळलं नाही.
पेपरात तसंच आलं.
विम्याच्या माणसानंही तसंच लिहून आणलं होतं,
फक्त सही बाकी.

करजगी नावाचे इंजिनिअर आले दुपारी, बेचाळीस डिग्रीत,
चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली नळी घेऊन.
तेही कापतात, घासतात, आरसा होईपर्यंत,
वर ॲसिडचा थेंब.
आमचा उजेड खालून येतो, त्यांचा वरून.
एवढाच फरक, ते हसून म्हणाले, आणि फोटो पुढे सरकवले.

भेग होती. तोंडाशी जुना तांबूस गंज,
टोकाशी चकचकीत, त्या रात्रीचं.
मध्ये एकाआड एक कडा,
हिप्परग्याचा तलाव उन्हाळ्यात मागे हटताना
चिखलावर ठेवून जातो तशा.
आठ-नऊ महिने जुनी आहे, ते म्हणाले.
कुणीतरी वेल्डिंग मारून वरून रंग दिलाय.

हुंडेकरी मॅडमनी डोळा न काढता सांगितलं, लिही.
श्वासनलिकेत काजळी. म्हणजे श्वास चालू होता.
यकृत साधं. पिणाऱ्याचं असं नसतं,
त्यात चरबीची भोकं असतात, जुन्या बनियनसारखी.
उजवा तळवा कोरा.
सगळा हात वाफेनं सोललेला, तळवा कोरा,
आणि त्यावर चाकाच्या आऱ्यांचे दोन वळ.
मूठ मिटलेली होती.
तो पळत नव्हता, व्हॉल्व्ह फिरवत होता.

आणखी एक दिसलं.
वायुनलिकांच्या भिंती जाड, फुगलेल्या,
वीस वर्षांच्या कापसाच्या धुळीनं माखून पुन्हा बऱ्या झालेल्या, पुन्हा माखलेल्या.
बॉयलरवर जायच्या आधी तो पिंजणखात्यात असणार.
मॅडम थोड्या थांबल्या.
ते विचारलेलं नाही, म्हणाल्या.
पण लिही. शेवटी लिही.
नायनांचा खोकला मी ऐकत मोठी झाले.
त्यांचा ठोकळा कुणी केला नाही.

त्याची बायको खिडकीशी आली. विड्या वळून वळून
तर्जनी तपकिरी पडलेली.
क्लार्क म्हणाला, रिपोर्ट पोलिसांकडे जाईल, तुम्हाला नाही.
मी बाहेर गेले. नियमात बसत नव्हतं.
आमच्या भाषेत एकच शब्द लागला: तागलेदु.
प्यायला नव्हता.

ती म्हणाली, ते मला ठाऊक आहे.
मग पदर नीट करून विचारलं,
उरलेलं काय करता तुम्ही?

ठोकळे कपाटात असतात, लाकडी खणात,
नंबराप्रमाणे, वर्षानुवर्षं.
शेजारी कोण येईल सांगता येत नाही.
मी म्हटलं, उन्हाचं जाऊ नका, पाणी पिऊन जा.